फाईल समोर दिसते, प्रोग्रामला सापडत नाही: पाथ सोडवायची पद्धत, पायरीपायरीने

"भाऊ, फाईल तं इथंच आहे, मंग सापडत काऊन नाही?"

पायथन नुकतंच शिकायला लागलेल्या पोट्ट्यांकडून हा प्रश्न हमखास येतो. टर्मिनलवर 'फाईल नॉट फाउंड एरर' आलेला असतो आणि बाजूच्याच खिडकीत ती फाईल ठळक दिसत असते. पोट्टं खोटं बोलत नसतं आणि पायथनही नाही. दोघं आपापल्या जागेवरून फाईलचा पाथ, म्हणजे पत्ता, बघत असतात, आणि प्रोग्राम कुठल्या जागेवरून बघतोय हे कुणी त्याला विचारलेलं नसतं.

ते कसं विचारायचं आणि उत्तर आल्यावर काय करायचं, ते इथं सांगतो. उदाहरणं पायथनची आहेत. दुसऱ्या भाषेत गोष्ट वेगळी असेल तिथं तसं लिहीन. आज्ञा आणि फाईलची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. आज्ञा की-बोर्डवर अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.

समजा, हिंगणघाटकडच्या एका शेतकरी गटासाठी मंगेशनं कापूस मोजणीचा छोटा प्रोग्राम लिहिला. कुणी किती क्विंटल आणला, त्या दिवशीचा भाव काय, किती पैसे झाले, एवढाच हिशोब. फोल्डर असं:

/होम/मंगेश/कापूस/
    मोजणी.पाय
    डेटा/
        शेतकरी.सीएसव्ही
        भाव.सीएसव्ही
    निकाल/

मोजणी.पायमध्ये एक ओळ आहे: ओपन("डेटा/शेतकरी.सीएसव्ही"). ही ओळ कधी चालते, कधी चालत नाही. प्रोग्रामचं एक अक्षरही बदललेलं नसताना.

पूर्ण पाथ आणि रिलेटिव्ह पाथ

'मु. पो. अमुक, ता. हिंगणघाट, जि. वर्धा' असा पत्ता लिहिलेलं पत्र पुण्याहून टाका की गडचिरोलीहून, ते एकाच घरी पोचतं. 'पारामागचं तिसरं घर' हे मात्र पारापाशी उभ्या असलेल्या माणसालाच समजतं. पहिला पूर्ण पाथ, म्हणजे ॲब्सोल्यूट, दुसरा रिलेटिव्ह.

लिनक्स, मॅक आणि अँड्रॉइडवर ओळखायचा नियम एका ओळीचा आहे. पाथ / नं सुरू झाला तर पूर्ण, नाहीतर रिलेटिव्ह. एक टिंब म्हणजे हेच फोल्डर, दोन टिंबं म्हणजे एक पायरी वर. मुळाच्या, म्हणजे / च्या वर काही नाही. तिथं दोन टिंबं दिली तर तुम्ही मुळातच राहता, एरर येत नाही. म्हणून /../../डेटा आणि /डेटा हे एकच.

~ या चिन्हानं बरेच जण फसतात. टर्मिनलमध्ये ~/कापूस लिहिलं की मंगेशचं घरचं फोल्डर आपोआप येतं, पण ते काम शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये तुमच्या आज्ञा वाचणारा प्रोग्राम, करतो, ऑपरेटिंग सिस्टिम नाही. पायथनच्या ओपनला "~/कापूस/भाव.सीएसव्ही" दिलं तर तो चालू फोल्डरात खरोखर ~ नावाचं फोल्डर शोधतो. त्यासाठी आधी एक्सपांडयूझर वापरावं लागतं.

विंडोजवर प्रकरण वाकडं आहे. सी:\कापूस हा पूर्ण पाथ. \\सर्व्हर\शेअर\कापूस हाही पूर्ण, तो नेटवर्कवरचा. पण मधले दोन प्रकार बघा. \कापूस मध्ये ड्राइव्हच सांगितलेला नाही, म्हणून चालू ड्राइव्हचं मूळ धरलं जातं. आणि कोलननंतर बॅकस्लॅश नसलेला सी:कापूस म्हणजे सी ड्राइव्हवर सध्या जे चालू फोल्डर असेल त्याच्या आतलं कापूस. पूर्ण पाथसारखा दिसतो, पण आहे रिलेटिव्ह. हा जुना वारसा आहे. फोल्डरं १९८३ च्या एमएस-डॉस २.० मध्ये आली, आणि डॉसनं प्रत्येक ड्राइव्हचं चालू फोल्डर वेगळं लक्षात ठेवलं. बॅकस्लॅशही तिथूनच आला, कारण / हे चिन्ह आज्ञांच्या पर्यायांसाठी आधीच वापरात होतं. कोलनपुढचा बॅकस्लॅश विसरू नका, एवढं या परिच्छेदातून घेतलं तरी पुष्कळ.

पायरी १: चालू फोल्डर विचारा

रिलेटिव्ह पाथ मोजला जातो तो चालू फोल्डरपासून, म्हणजे करंट वर्किंग डिरेक्टरीपासून. मोजणी.पाय कुठं ठेवली आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. घोळ होतो तो इथंच. इंपोर्ट त्या घोळात भर घालतं. बाजूच्या फाईलमधून इंपोर्ट केलं की ते चालतं, कारण इंपोर्टच्या शोधयादीत पायथन स्क्रिप्टचं फोल्डर पहिल्या क्रमांकावर ठेवतो. मग त्याच फोल्डरातली डेटा फाईल ओपननं का उघडत नाही? कारण ओपन त्या यादीकडे बघतच नाही. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्येही हीच जोडी आहे. रिक्वायर ज्या फाईलमध्ये लिहिलं तिथून मोजतं, फाईल वाचणारी फंक्शन्स चालू फोल्डरपासून.

एरर आला की आधी प्रोग्रामच्या सुरुवातीला हे छापा:

इंपोर्ट ओएस
प्रिंट(ओएस.गेटसीडब्ल्यूडी())

जे उत्तर येईल ते चालू फोल्डर. दहापैकी नऊ वेळा तिथंच डोक्यात प्रकाश पडतो.

चालू फोल्डर प्रोग्राम स्वतः ठरवत नाही. ज्यानं प्रोग्राम सुरू केला त्याच्याकडून ते वारशानं मिळतं. त्यामुळे तोच प्रोग्राम वेगवेगळ्या दारांनी आत आला की वेगळा वागतो. पायथनसोबत येणाऱ्या आयडल या एडिटरमध्ये एफ५ दाबलं की आयडल आधी स्क्रिप्टच्या फोल्डरात जातं, म्हणून तिथं सगळं सुरळीत चालतं. व्हीएस कोडमध्ये चालवायचं बटण दाबलं की प्रोग्राम टर्मिनलमध्ये चालतो आणि ते टर्मिनल तुम्ही उघडलेल्या वर्कस्पेसच्या फोल्डरात असतं. कापूस फोल्डर उघडलं असेल तर बरं. घरचं फोल्डर उघडून त्यातून मोजणी.पायवर क्लिक केलं असेल तर बोंब. क्लासात आयडलवर चाललेला प्रोग्राम घरी व्हीएस कोडवर मरतो आणि पोट्टे लॅपटॉपला शिव्या देतात, ते यामुळे. ज्युपिटरमध्ये सहसा नोटबुकचं फोल्डर असतं. विंडोजवर फाईलवर डबल क्लिक केलं तर त्या फाईलचं फोल्डर.

आपोआप चालणाऱ्या कामांत तर प्रोग्राम कुठून सुरू झाला हे कुणाला दिसतच नाही. ठरल्या वेळी काम सुरू करणारा लिनक्सचा क्रॉन तुमच्या घरच्या फोल्डरातून प्रोग्राम सुरू करतो. लिनक्सवरच्या सेवा चालवणाऱ्या सिस्टिमडीची सेवा, वर्किंगडिरेक्टरी सांगितली नसेल, तर थेट / मधून. विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये 'स्टार्ट इन'चा रकाना रिकामा सोडला तर चालू फोल्डर बहुतेक वेळा विंडोजचं सिस्टिम३२ निघतं. तो रकाना भरताना पाथभोवती अवतरणचिन्हं घालू नका, नावात मोकळी जागा असली तरी. घातली की काम सुरूच होत नाही. म्हणजे रात्री लाइन टिकली, लॅपटॉप चालू राहिला, काम वेळेवर सुरूही झालं, तरी सकाळी निकाल फोल्डर रिकामं, असं होऊ शकतं. निकालाची फाईल कधी कधी तयार झालेलीही असते, पण भलत्याच ठिकाणी. एरर न येता चुकीच्या जागी लिहिलेली फाईल हा यातला सगळ्यात वाईट प्रकार.

पायरी २: एकदा तरी हातानं सोडवा

कम्प्युटर पाथ कसा सोडवतो हे कागदावर एकदा केलं की पुन्हा गोंधळ होत नाही. समजा चालू फोल्डर आहे /होम/मंगेश/कापूस/निकाल आणि प्रोग्राममध्ये लिहिलंय:

../डेटा/./२०२४/../भाव.सीएसव्ही

आधी बघा, पाथ / नं सुरू होतो का? नाही. मग चालू फोल्डर पुढे जोडा:

/होम/मंगेश/कापूस/निकाल/../डेटा/./२०२४/../भाव.सीएसव्ही

आता डावीकडून एकेक तुकडा घ्या. साधं नाव आलं की यादीत शेवटी लिहा. एक टिंब आलं तर सोडून द्या. दोन टिंबं आली तर यादीतलं शेवटचं नाव खोडा. होम, मंगेश, कापूस, निकाल लिहिले. दोन टिंबं आली, निकाल खोडला. डेटा लिहिला. टिंब सोडलं. २०२४ लिहिलं, पुढच्या दोन टिंबांनी लगेच खोडलं. शेवटी भाव.सीएसव्ही. उरलं ते:

/होम/मंगेश/कापूस/डेटा/भाव.सीएसव्ही

पायथनमधलं नॉर्मपाथ हेच करतं, आणि ॲब्सपाथ म्हणजे चालू फोल्डर जोडून मग नॉर्मपाथ. दोन्ही कागदावरचाच हिशोब करतात, डिस्ककडे बघत नाहीत. डेटामध्ये २०२४ नावाचं फोल्डरच नसेल तर? नॉर्मपाथला फरक पडत नाही. पण मूळ पाथ जसाच्या तसा लिनक्सला उघडायला दिला तर तो खरोखर एकेक फोल्डरात शिरत जातो, २०२४ पाशी अडतो आणि फाईल नाही म्हणतो. विंडोज मात्र डिस्ककडे जाण्याआधी कागदी हिशोब उरकतो, त्यामुळे तिथं तीच ओळ चालून जाते. विंडोजवर लिहून लिनक्सच्या सर्व्हरवर टाकलेले प्रोग्राम असे अचानक पडतात.

पायरी ३: मोजायचं कुठून ते तुम्हीच ठरवा

चालू फोल्डर दुसऱ्याच्या हातात असेल तर त्याच्यावर विसंबून राहायचं नाही. मंगेशच्या प्रोग्रामसोबत येणाऱ्या फाईली प्रोग्रामच्या जागेपासून मोजाव्यात:

फ्रॉम पाथलिब इंपोर्ट पाथ
पाया = पाथ(__फाईल__).रिझॉल्व्ह().पॅरेंट
यादी = पाया / "डेटा" / "शेतकरी.सीएसव्ही"

पाथलिब हे मॉड्यूल पायथन ३.४ पासून, म्हणजे २०१४ पासून सोबत येतं; वेगळं काही बसवावं लागत नाही. __फाईल__ मध्ये चालू असलेल्या फाईलचा पाथ असतो. जुन्या पायथनमध्ये मुख्य स्क्रिप्टसाठी तो रिलेटिव्ह असू शकायचा, ३.९ पासून पूर्ण असतो. रिझॉल्व्ह लावलं की आवृत्तीचा विचार करावा लागत नाही. आता प्रोग्राम क्रॉननं चालवा, आयडलमधून चालवा, नाहीतर / मधून चालवा, यादी सापडते. नोडमध्ये हेच काम __डिरनेम करतं. नव्या मॉड्यूल पद्धतीत ते मिळत नाही, तिथं इंपोर्ट.मेटा.डिरनेम वापरा, ते नोड २०.११ पासून आहे.

इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचा भाग सांगायचा राहतो: सगळंच प्रोग्रामच्या जागेपासून मोजणं हीसुद्धा चूकच आहे. मंगेशनं टर्मिनलवर पायथन मोजणी.पाय आजची_आवक.सीएसव्ही असं लिहिलं, तर ती फाईल तो उभा असलेल्या फोल्डरातली आहे. वापरणाऱ्यानं आज्ञेत दिलेला पाथ चालू फोल्डरपासूनच मोजायचा. दुसरी प्रत्येक आज्ञा तसंच करते आणि त्याला सवयही तीच असते. सेटिंगच्या फाईलमध्ये लिहिलेला पाथ त्या सेटिंगच्या फाईलपासून मोजावा, म्हणजे ती फाईल शेजारच्या डेटासकट दुसऱ्या लॅपटॉपवर नेता येते. वापरणाऱ्याची स्वतःची नोंद, उदाहरणार्थ शेवटचा भाव लक्षात ठेवणं, त्याच्या घरच्या फोल्डरात, पाथ.होम() पासून. म्हणजे चार जागा झाल्या. प्रत्येक पाथ प्रोग्राममध्ये शिरतो त्याच ठिकाणी ठरवा की हा यातला कुठला, तिथल्या तिथं पूर्ण करून घ्या आणि पुढे सगळीकडे पूर्ण पाथच फिरवा.

काही जण पहिल्याच ओळीत ओएस.सीएचडीआयआर लिहून चालू फोल्डरच बदलतात. वीस ओळींच्या घरगुती स्क्रिप्टला चालेल, मी भांडणार नाही. पण मग आज्ञेत दिलेली आजची_आवक.सीएसव्ही सापडत नाही, कारण तिच्या पायाखालची जमीन सरकली. शिवाय चालू फोल्डर अख्ख्या प्रोसेसचं एकच असतं. एका थ्रेडनं बदललं की सगळ्यांचं बदलतं. मोठ्या प्रोग्राममध्ये हे टाळाच.

आणि सी:\युझर्स\मंगेश\ असा पूर्ण पाथ प्रोग्राममध्ये जसाच्या तसा लिहून टाकणं? तुमच्या लॅपटॉपवर वर्षभर चालेल. सेवा केंद्रातल्या कम्प्युटरवर पहिल्याच दिवशी पडेल. पेनड्राइव्हवरून चालवत असाल तर तुमच्याच लॅपटॉपवरही पडेल, कारण आज ई असलेला ड्राइव्ह उद्या एफ होतो.

पायरी ४: पाथ जोडताना

अधिकचं चिन्ह वापरून, मधे / टाकून अक्षरं जोडू नका. एखादा / सुटतो आणि डेटाशेतकरी.सीएसव्ही शोधत बसावं लागतं. ओएस.पाथ.जॉइन किंवा पाथलिबचं / वापरा. पण त्यातही एक खोच आहे. नंतरचा तुकडा स्वतः पूर्ण पाथ असेल तर आधीचं सगळं गळून पडतं. पाया / "/डेटा/भाव.सीएसव्ही" याचं उत्तर पायाच्या आतलं डेटा नसून थेट मुळातलं /डेटा/भाव.सीएसव्ही असतं. पुढचा एक / चुकून राहिला की झालं. नोडचं पाथ.जॉइन तसं करत नाही, ते सरळ चिकटवतं, पाथ.रिझॉल्व्ह मात्र पायथनसारखं वागतं. दोन्ही भाषांत काम करणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं.

विंडोजवर बॅकस्लॅशचा वेगळा जाच. पायथनच्या अवतरणात बॅकस्लॅशपुढे छोटा एन आला की नवी ओळ होते, छोटा टी आला की टॅब. फोल्डरचं इंग्रजी नाव या अक्षरांनी सुरू होत असेल तर पाथ आतून फुटतो. सी ड्राइव्हच्या युझर्स फोल्डरचा पाथ थेट लिहिला तर प्रोग्राम सुरूच होत नाही, कारण बॅकस्लॅश आणि मोठा यू ही युनिकोड अक्षराची खूण आहे आणि पुढे अपेक्षित आकडे नसतात. अवतरणाआधी आर अक्षर लावा, नाहीतर सरळ / वापरा. पायथन विंडोजवरही / चालवून घेतो. मी तरी / च वापरतो.

पायरी ५: शॉर्टकट फोल्डर, म्हणजे सिमलिंक

दोन टिंबं आली की शेवटचं नाव खोडायचं, असं वर सांगितलं. वाटेत सिमलिंक आली की हा कागदी नियम खोटा पडतो. लॅपटॉप नसलेली कितीतरी पोरं फोनवर टर्मक्स या टर्मिनल ॲपमध्ये पायथन शिकतात, त्यांच्यासमोर हे रोज घडत असतं. म्हणून तेच उदाहरण घेऊ.

टर्मक्समध्ये स्टोरेजची परवानगी दिली की घरच्या फोल्डरात स्टोरेज नावाचं फोल्डर तयार होतं. त्यातलं डाउनलोड्स हे खरं फोल्डर नाही, ती सिमलिंक आहे. खरी जागा /स्टोरेज/इम्युलेटेड/०/डाउनलोड. आता हे करून बघा:

सीडी ~/स्टोरेज/डाउनलोड्स
एलएस ..
सीडी ..
पीडब्ल्यूडी

एलएस .. मध्ये फोनची सगळी मेमरी दिसते: फोटोंचं फोल्डर, गाणी, काय काय. पण सीडी .. करून पीडब्ल्यूडी विचारलं तर तुम्ही टर्मक्सच्याच ~/स्टोरेजमध्ये. एकाच दोन टिंबांची दोन उत्तरं! सीडी ही शेलची आज्ञा आहे, आणि तुम्ही कुठल्या वाटेनं आलात ते शेल लक्षात ठेवतो. तो कागदी नियम लावून शेवटचं नाव खोडतो. एलएस मात्र सिस्टिमला विचारतो, आणि सिस्टिमच्या लेखी तुम्ही खऱ्या डाउनलोडमध्ये उभे असता. त्याची एक पायरी वर म्हणजे फोनची मेमरी. शेलकडूनही खरीच वाट हवी असेल तर सीडी आणि पीडब्ल्यूडीला वजा मोठा पी हा पर्याय द्या.

पायथनमध्येही असेच दोन गट पडतात. नॉर्मपाथ आणि ॲब्सपाथ कागदी. रिअलपाथ आणि पाथलिबचं रिझॉल्व्ह डिस्कवर जाऊन सिमलिंकमागचं खरं ठिकाण काढतात. पाथलिबचं ॲब्सोल्यूट मधलंच आहे: चालू फोल्डर जोडतं आणि दोन टिंबं तशीच ठेवतं, कारण ती खोडली तर अर्थ बदलू शकतो. शंका असेल तर रिझॉल्व्ह. फाईल असायलाच हवी असेल तर रिझॉल्व्हला स्ट्रिक्ट=ट्रू द्या, नसेल तर तिथंच एरर येतो. वापरणाऱ्याला दाखवायच्या पाथला मात्र रिझॉल्व्ह लावू नका. त्यानं ~/स्टोरेज/डाउनलोड्स लिहिलं आणि तुम्ही त्याला /स्टोरेज/इम्युलेटेड दाखवलं की तो बुचकळ्यात पडतो.

पाथ बरोबर आहे, तरी सापडत नाही

चालू फोल्डर तपासलं, पाया ठरवला, तरी एरर. मग नावाकडे बघा. विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन लपवतो. नोटपॅडमध्ये जतन केलेली भाव.सीएसव्ही आतून भाव.सीएसव्ही.टीएक्सटी असू शकते. एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन फाईल नेम एक्स्टेन्शन्स चालू करा आणि पुन्हा कधी बंद करू नका. 'कॉपी ॲज पाथ' केलेल्या पाथला दोन्ही टोकांना अवतरणचिन्हं चिकटून येतात. प्रॉपर्टीजच्या सिक्युरिटी टॅबमधून पाथ कॉपी केला तर सुरुवातीला न दिसणारं एक युनिकोड चिन्ह येतं; पाथ डोळ्यांना अगदी बरोबर दिसतो, पण चालत नाही. तो खोडून हातानं टाइप केला की चालतो आणि लोक चमत्कार झाला म्हणतात. वनड्राइव्ह चालू असेल तर डेस्कटॉप तुम्हाला वाटतं तिथं नसून वनड्राइव्हच्या फोल्डरात सरकलेला असू शकतो.

लिनक्सला इंग्रजीतली लहान-मोठी लिपी वेगळी वाटते, विंडोजला नाही. विंडोजवर चाललेला प्रोग्राम सर्व्हरवर पडण्याचं हे आणखी एक कारण.

वेब पानावरचे पाथ

गावातल्या शाळेचं किंवा संत्रा बागेचं पान बनवणाऱ्यांसाठी थोडक्यात. इथं चालू फोल्डर नसतं. रिलेटिव्ह पत्ता मोजला जातो तो पानाच्या पत्त्यापासून, आणि त्याचे नियम २००५ च्या आरएफसी ३९८६ या इंटरनेटच्या मानकात पक्के केलेले आहेत. पानाचा पत्ता /बाग/संत्रा असेल तर फोटो.जेपीजी म्हणजे /बाग/फोटो.जेपीजी. पत्ता /बाग/संत्रा/ असेल तर /बाग/संत्रा/फोटो.जेपीजी. शेवटच्या एका / मुळे फोटो गायब होतो. सीएसएसमधला पाथ मात्र पानापासून न मोजता त्या सीएसएस फाईलपासून मोजला जातो. गिटहब पेजेसवर प्रोजेक्टचं पान रेपोच्या नावाखाली बसतं, म्हणून / नं सुरू होणारे पत्ते घरी चालतात आणि तिथं चढवल्यावर तुटतात.

दुसऱ्यानं दिलेलं नाव

फाईलचं नाव बाहेरून येत असेल, म्हणजे फॉर्म भरणाऱ्यानं ते दिलं असेल, तर त्यात ../../ असू शकतं आणि तुमच्या फोल्डराबाहेरची फाईल उघडू शकते. दोन टिंबं शोधून काढून टाकणं हा उपाय नाही, त्यातून निसटायच्या वाटा पुष्कळ. जोडा, रिझॉल्व्ह करा, मग इज_रिलेटिव्ह_टू नं विचारा की उत्तर आपल्या फोल्डरातच आहे ना. हे पायथन ३.९ पासून आहे. 'पाथची सुरुवात /होम/मंगेश/कापूस/डेटा नं होते का' असं अक्षरं जुळवून तपासू नका. डेटा_जुना हे शेजारचं फोल्डरही त्या परीक्षेत पास होतं.

मराठी नावाच्या फाईली

देवनागरीत नाव दिलेली फाईल लिनक्सवर, विंडोजवर, फोनवर सगळीकडे चालते. देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही, म्हणून तो एक ताप वाचतो. पण आपला खास मराठी ताप वेगळा आहे आणि तो 'ऱ्य' मध्ये लपलेला आहे.

शेतकऱ्यांची_यादी.सीएसव्ही हे नाव घ्या. त्यातला 'ऱ्य' कम्प्युटरमध्ये तीन तऱ्हांनी साठवला जाऊ शकतो. पहिली तऱ्हा: ऱ हे एकच अक्षर, युनिकोड क्रमांक ०९३१, पुढे हलन्त आणि य. दुसरी: साधा र, त्याला नुक्ता, मग हलन्त आणि य. तिसरी: साधा र, हलन्त, न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर आणि य. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात. कुठला की-बोर्ड कुठली तऱ्हा उमटवेल ते त्या की-बोर्डवर अवलंबून. फोनवर नाव टाइप करून फाईल पाठवली, लॅपटॉपवर प्रोग्राममध्ये तेच नाव टाइप केलं, आणि सापडत नाही, असं होतं ते यामुळे. लिनक्सची नेहमीची फाईल सिस्टिम आणि विंडोजची एनटीएफएस ही नावं एकसारखी करून घेत नाहीत. त्यांच्या लेखी या तीन वेगळ्या फाईली.

ओळखायचं कसं? फोल्डरातली नावं ॲस्की मधून छापा:

फॉर नाव इन ओएस.लिस्टडीआयआर(पाया / "डेटा"): प्रिंट(ॲस्की(नाव))

प्रत्येक अक्षराचा क्रमांक समोर येतो. प्रोग्राममधलं नावही तसंच छापून शेजारी ठेवा, फरक लगेच दिसतो. युनिकोडडेटा.नॉर्मलाइझला एनएफसी (अक्षरं एका ठरलेल्या रूपात आणायची पद्धत) सांगितलं की पहिली दोन रूपं एक होतात. तिसरं त्यानं सुधारत नाही. जॉइनरची ती जोडी शोधून स्वतः बदलावी लागते.

लांबीचंही बघा. लिनक्सवर एका नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. 'शेतकऱ्यांची' एवढ्या एका शब्दात पहिल्या तऱ्हेनं ११ चिन्हं, म्हणजे ३३ बाइट. जास्तीत जास्त ८५ देवनागरी चिन्हं बसतात, आणि एक्स्टेन्शनचे बाइटही त्याच २५५ मध्ये धरायचे. पुढाऱ्याच्या फलकावरच्या मजकुराएवढं नाव द्यायची सवय असलेल्यांनी जपून. विंडोजवर मर्यादा बाइटची नसून अख्ख्या पाथची आहे, नेहमीची २६० चिन्हं. विंडोज १० च्या १६०७ या आवृत्तीपासून ती सेटिंगमधून उठवता येते, पण प्रोग्रामनंही तसं जाहीर केलेलं असावं लागतं.

माझ्या कामात मी फोल्डरं आणि प्रोग्रामनं उघडायच्या फाईली साध्या इंग्रजी अक्षरांत ठेवतो, नावात मोकळी जागा न सोडता. मराठी सगळं फाईलच्या आत. आणि निकालाची जी प्रत गटाच्या व्हॉट्सॲपवर जाते, तिचं नाव बिनधास्त शेतकऱ्यांची_यादी, कारण ती माणसं उघडतात.